ओळ समजली नाही

"मी त्यांना विचारलं," चपलांच्या दुकानातली मुलगी म्हणाली. रागाने नाही की उद्धटपणाने नाही. खोक्यातला पातळ कागद बाजूला करता करता, 'आज गर्दी कमी आहे' म्हणावं तशी म्हणाली. तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण पन्नाशीच्या माणसाला आपल्या निम्म्या वयाच्या मुलीने भर दुकानात काही सुनावलं, तर हसणं किंवा मालकाला बोलावणं हे दोनच पर्याय उरतात, आणि मालक समोरच गल्ल्यावर बसून कान कोरत होता. झालं होतं ते इतकंच. बायको बुटक्या स्टुलावर बसली होती, आजारपणापासून जरा जड झालेलं डावं पाऊल पुढे काढून. मुलीने तिला विचारलं, "रंग कोणता दाखवू?" बायकोने तोंड उघडलं. "का..." असं काहीसं म्हणाली, थांबली, परत "का..." म्हणाली, आणि तिसऱ्यांदा ओठ हलायच्या आत तो म्हणून मोकळा झाला, "काळा." यात चुकलं काय? लग्न झाल्यापासून तिने काळ्याशिवाय दुसरं काही पायात घातलेलं नव्हतं. मुलीने मात्र काळ्या जोडीच्या खोक्याकडे हात नेला नाही. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ते वाक्य म्हटलं, आणि बायकोकडे बघत तशीच उकिडवी बसून राहिली. बायकोने मुलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाच्या बोटांकडे, आणि हात असा हलवला की त्याचा अर्थ एकच होऊ शकत होता: असू दे. काळी जोडी घेतली. रस्त्यात त्याने विचारलं, "बरोबर ना?" तिने मान हलवली. हल्ली ती मान चांगली हलवत असे.

घरी आल्यावर त्याने तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर ठेवला आणि सांगितलं, "ताई दुपारच्या गाडीने येतेय. मी तोवर परत येतो. तू काळजी करू नको, तिला काय सांगायचं ते मी सांगेन." ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. दूरच्या गावी एकटी राहत असे, नर्सची नोकरी करून निवृत्त झाली होती आणि निवृत्तीनंतर हाताखाली कुणीच आजारी नाही याचा तिला मनातून राग होता. धाकट्या बहिणीला आपल्याकडे न्यायचं तिच्या डोक्यात होतं. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. फोनवर तिने ते गेल्या महिन्यात काढलं तेव्हा त्याने स्पीकर लावला होता, म्हणजे बायकोलाही ऐकू यावं. "चिमे, येतेस का गं माझ्याकडे? इथे अंगण आहे, मी आहे, चालणं होईल, बोलणं होईल," ताई म्हणाली. बायको म्हणाली, "ता... मी... ता..." आणि त्याने सांगितलं, "ताई, ती म्हणतेय तुला कशाला त्रास. इथे बरं चाललंय तिचं." मग ताई म्हणाली होती, "भावोजी, मी येतेच एकदा. समोरासमोर विचारते." तो दिवस आज होता. आणि ती इथेच राहणार याची त्याला खात्री होती. खात्री होती म्हणूनच सकाळपासून तो घरभर उगाच वस्तू सरळ करत फिरत होता.

ऑफिसला जाताना ते वाक्य त्याच्याबरोबर आलं. जिन्यात, फाटकाशी, सिग्नलला. मी त्यांना विचारलं. सदऱ्याच्या आत एखादं कुसळ अडकावं आणि नेमकं कुठे ते सापडू नये, तसं. दुकानातल्या पोरीला काय ठाऊक? तिला काय माहीत, की दीड वर्षापूर्वी एका सकाळी दात घासता घासता हिच्या मेंदूत रक्ताची एवढीशी गुठळी अडकली, आणि हात वाचला, पाय बऱ्यापैकी वाचला, समज शाबूत राहिली, पण शब्दांची ये-जा मोडून पडली. ऐकलेलं सगळं कळतं. आतून बाहेर येणारं मात्र अर्धं येतं, उशिरा येतं, भलतंच येतं, नाहीतर येतच नाही. लिहिण्याचंही तेच. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येत. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "थांबायचं. वेळ लागला तरी थांबायचं. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका." त्याने ते ऐकून घेतलं. नव्या मिक्सरबरोबर येणारं माहितीपत्रक आपण घेतो तसं, आदराने घेऊन खणात ठेवून दिलं. कारण बाई आठवड्यातून दोनदा येत आणि तो रोज होता. बाईंना थांबण्याचा पगार मिळे. त्याच्यासमोर बायको शब्दासाठी धडपडताना दिसायची, कपाळावर शीर उभी राहायची, ओठाच्या कोपऱ्यात थुंकीचा थेंब यायचा, आणि आपल्याला तो शब्द माहीत असताना तो खिशात ठेवून गंमत बघत बसायचं हे त्याला माणुसकीला धरून वाटेना.

आणि त्याला जमत होतं, हेही खरं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती त्याने शास्त्राच्या पातळीला नेली होती. पहिलं अक्षर, दिवसाची वेळ, नजर कुठे गेली, काल या वेळी काय मागितलं होतं. एवढं जुळवलं की उत्तर निघे. आणि काहीच जुळलं नाही तर मागचंच पुढे चालवायचं. सकाळ म्हणजे चहा. रविवार म्हणजे बाग. संध्याकाळी "ते... ते..." म्हणजे शाल. पाहुणे येत, बायको "नि... नि..." म्हणे, आणि तो निळा टॉवेल आणून तिच्या मांडीवर ठेवी. पाहुणे एकमेकांकडे पाहत. "याला म्हणतात संसार," असं एकदा कुणीतरी म्हणालंही होतं, आणि तो संकोचाने "त्यात काय एवढं" म्हणाला होता, म्हणजे अजून बोला. एकदा असा चहा पुढे ठेवला तेव्हा ती रडली होती. कपाकडे बघत, आवाज न करता. त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटना कधी कधी विनाकारण रडू येतं. विनाकारण हा शब्द त्याने लक्षात ठेवला. सोयीचा शब्द होता.

ऑफिसात त्याला हेडमास्तर म्हणत. ही पदवी त्याला त्याच्या स्क्रिप्टमुळे, म्हणजे त्याने लिहिलेल्या एका छोट्या संगणक-प्रोग्रॅममुळे मिळाली होती. कंपनी शीतगृहांवर देखरेख करणारी यंत्रं विकत असे. प्रत्येक थंड खोलीत एक डबी असायची आणि ती डबी दर मिनिटाला एक ओळ लिहून पाठवायची: वेळ, खोली, तापमान, दार उघडं की बंद. कुठे काही बिघडल्याची तक्रार आली, की त्या ओळींचा ढिगारा मागवायचा आणि त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टला खायला घालायचा. स्क्रिप्ट दोष शोधून द्यायची. मूळची स्क्रिप्ट कडक होती. एका ओळीत स्वल्पविराम कमी पडला, तापमानात भलतं अक्षर घुसलं, की ती तिथल्या तिथे थांबायची आणि एकच वाक्य लिहायची: 'ओळ समजली नाही.' पुढे एक पाऊल नाही. पोरं म्हणत, हेडमास्तरांनी छडी उगारली. त्याला त्याचा थोडा अभिमानच होता. पण खऱ्या जगातल्या डब्या हेडमास्तरांसाठी लिहीत नाहीत. त्या ओलीत असतात, वायर सैल असते, वीज जाते येते. दोन ओळी एकमेकींत घुसतात, निम्मी ओळ गायब होते, मध्येच ज्याला आगा ना पिछा असा कचरा येतो. म्हणून साहेबांनी तीन आठवड्यांपूर्वी त्याला बोलावून सांगितलं, "जरा सांभाळून घ्यायला शिकवा हो तिला. माणसाने कसं, थोडं इकडचं तिकडचं चालवून घेतलं पाहिजे. क्लायंटला स्वच्छ रिपोर्ट हवा असतो. समजली नाही, समजली नाही... अहो, हे काय आपण सांगायचं?"

तेव्हा त्याने तिला सांभाळून घ्यायला शिकवलं. कोरी ओळ आली तर सोडून दे. दोन ओळी चिकटल्या तर सोडव. वेळ मागेपुढे झाली तर लावून घे. हे सगळं ठीकच होतं. मग उरल्या त्या ओळी, ज्यांत वेळ आहे, खोली आहे, दार आहे, आणि तापमानाची जागा नुसती रिकामी. दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी आणि मध्ये काही नाही. तिथे त्याने एक ओळ लिहिली, फार विचार न करता, इतक्या सहज की हाताला सवय असल्यासारखी: आकडा नसेल तर मागचा घे. खोलीचं तापमान काही मिनिटाला उड्या मारत नाही. एका मिनिटापूर्वी चार अंश होतं, तर आत्ताही चारच असणार. स्क्रिप्ट एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली. साहेबांनी रिपोर्ट पाहून "वा" म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना त्याने पेस्ट्री नेल्या होत्या. बायकोसाठी चॉकलेटची. तिला तीच आवडते.

तो आपल्या जागेवर टेकतो न टेकतो तोच साहेब आले.

"हेडमास्तर, फुलवाल्याचा फोन होता."

"काय म्हणतो?"

"म्हणण्याच्या पलीकडे गेलाय. आधी नुसता श्वास घेत होता. मी म्हटलं बोला, तर बोलला. ते इथे सांगता येणार नाही, बायका बसतात."

"बायकांना येतं ते सगळं," शेजारच्या टेबलावरची सहकारी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही मुद्दा सांगा."

मुद्दा असा होता, की फुलांच्या या व्यापाऱ्याने चार दिवसांपूर्वी तक्रार केली होती: एका खोलीतलं यंत्र वेगळाच आवाज करतंय. ऑफिसने रीतसर ओळी मागवल्या, स्क्रिप्ट चालवली, आणि त्याला कळवलं, दोष आढळला नाही, खोली चार अंशावर स्थिर आहे. हा पठ्ठ्या विश्वास ठेवून दार न उघडता स्वस्थ बसला. आज उघडलं. "म्हणाला, उकडलेली भाजी असते ना, तशी झालीत," साहेब म्हणाले. "लग्नाची ऑर्डर होती. लोक फुलांशिवाय लग्न लावतील हो, पण हा पुढच्या वर्षी आपल्याशिवायच भागवेल, ते बघा. काय झालंय ते शोधा."

शोधायला वेळ लागला नाही. त्याने स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि ओळींचा ढीग तसाच, कच्चा, उघडला. कित्येक दिवसांत त्याने तो असा पाहिला नव्हता. स्क्रिप्ट असताना कशाला पाहायचा? वेळ, खोली, रिकामं, दार बंद. वेळ, खोली, रिकामं, दार बंद. तापमान मोजणारी तार कुठेतरी निसटली होती. डबी बिचारी दर मिनिटाला, न कंटाळता, सांगत होती की मला माहीत नाही, मला माहीत नाही. आणि तो, म्हणजे त्याची स्क्रिप्ट, प्रत्येक वेळी तिच्या तोंडात चार घालत होता. चार. चार. चार. तो पान सरकवत गेला. पाकळ्या काळ्या पडत होत्या, देठांना बुळबुळीत पाणी सुटत होतं, बंद खोलीत तो गोडसर कुजका वास भरत होता, आणि रिपोर्टात सगळं गार, नेटकं, स्थिर.

अशा तुलना त्याला आवडत नसत. यंत्र यंत्र असतं आणि बायको बायको. माणसाच्या आयुष्यातल्या गोष्टी एकमेकींसारख्या दिसल्या तर ते कवींनी बघावं, त्यांना दुसरं काम नसतं. तो पाणी प्यायला. पण नळाचा आवाज आला. ऑफिसात नळ नव्हता. पाण्याचा जार होता. आवाज फोनच्या त्या दिवसाचा होता. ताईला सांगून झालं होतं, इथे बरं चाललंय तिचं. त्याने फोन ठेवला. बायको उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्या धारेसमोर नुसती उभी राहिली. पाणी भांड्यांवरून उडत होतं, तिचं पोट भिजत होतं. त्याने मागून जाऊन नळ बंद केला. "विसरलीस का?" असं म्हणाला होता तो, मऊ आवाजात. पदर पिळून दिला होता. आता, कच्च्या ओळी समोर उघड्या असताना, त्याला तो क्षण तसाच, न भरता, बघावा लागला. ती विसरली नव्हती. नळाकडे बघत तिचा जबडा हलत होता. पाण्याच्या आवाजात, कुणाला ऐकू येणार नाही अशा बेताने, ती ते वाक्य पुरं करायचा प्रयत्न करत होती.

"ता... मी... ता..." यात 'त्रास' कुठे होतं? ते त्याने घातलं होतं. तिथे 'ताई, मी येते' बसत होतं. 'ताई, मी नाही येत'ही बसत होतं. काहीही बसत होतं. त्याने मात्र एकच बसवलं होतं.

आणि हे आजारपणानंतरचं आहे असंही नाही, हे त्याला तिथेच, त्या गार खुर्चीत, कळत गेलं, आणि कळू नये म्हणून उठून जायलाही जागा नव्हती. आधी ती हळू बोलत नव्हती. उलट, बोलण्याचा महापूर होता. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना नेमकं, मोजकं सांगायची, अमकी गाडी, तमका फलाट. म्हणून घरी आली की सगळी भरपाई. एक गोष्ट सांगायला घेतली की तिला सहा फाटे फुटायचे, फाट्यांना डहाळ्या. तो म्हणायचा, "मुद्द्यावर ये." ती म्हणायची, "येतेय हो, वाटेत आहे." तो हसायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. एका माणसाची गोष्ट होती. रोज खिडकीशी यायचा, एकाच गाडीची वेळ विचारायचा, आभार मानायचा, आणि गाडीत न बसता परत जायचा. कित्येक महिने. मग एके दिवशी तिने न राहवून त्याला विचारलं. ती इथवर आली होती, आणि हा म्हणाला होता, "वेडा असेल." "नाही हो, ऐका तरी, तो म्हणाला..." ती सांगू लागली, आणि दाराची बेल वाजली, गॅसवाला आला होता. गॅसवाला गेल्यावर त्याने विचारलं नाही. विचारायचं काय, त्याच्यापुरती ती गोष्ट संपली होती. तो माणूस काय म्हणाला असेल? आता शेजारच्या टेबलावर बोटं टकटकत होती, पंखा फिरत होता, आणि त्याला ते कळणं एकदम निकडीचं वाटू लागलं. ते उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं. तिच्या आत. तिथून आता "नि... नि..." एवढंच बाहेर येत होतं, आणि त्यावर तो टॉवेल ठेवत होता.

त्याने स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: आकडा नसेल तर 'माहीत नाही' असं लिही आणि पुढे जा. थांबायचं नाही, छडी उगारायची नाही, पण भरायचंही नाही. रिकामं ते रिकामं दिसलं पाहिजे. पुन्हा चालवली. रिपोर्टात उभ्याच्या उभ्या रांगेत माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही उतरत गेलं. साहेबांनी मागून वाकून पाहिलं.

"हे काय? एवढं माहीत नाही? क्लायंट काय म्हणेल?"

"म्हणेल, यांना माहीत नाही."

"अहो पण कंपनीची काही अब्रू?"

"झाकलेली मूठ होती. उघडली तर आत फुलांचा चिखल निघाला, साहेब."

शेजारच्या सहकारिणीने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हेडमास्तर, बरं नाही का? घरी जा. मी तपासून पाठवते." एरवी तो म्हणाला असता, छे, मला काय झालंय. आज त्याने पिशवी उचलली.

तो पोचला तेव्हा ताई आलेली होती. दारात तिचे जाड तळाचे बूट, दिवाणखान्यात तिची एकच बॅग, आणि सबंध घरात तिचा आवाज. बायको खिडकीशी, तशीच. ताई तिच्या हाताची बोटं एकेक करून वाकवून बघत होती, दुकानात भाजी निवडावी तशी.

"या भावोजी. वाळलात की. स्वतःच्या हातचं जेवताय वाटतं?"

"तुम्ही कशा आहात?"

"मला काय धाड भरलीय. बसा. चहा मी केलाय, तुमच्या घरात साखर कुठे असते ते मला सापडलं, म्हणजे मी पास." मग तिने खुर्ची ओढली, थेट बहिणीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि नर्सच्या त्या आवाजात, जो सुई टोचण्याआधी हमखास मऊ होतो, म्हणाली, "चिमे, फोनवर विचारलं तेच विचारते. येतेस माझ्याकडे? राहायला. तुला नको असेल तर नको, मी रागावणार नाही. रागावले तरी दोन दिवस. बोल."

बायकोने तोंड उघडलं. "म..." म्हणाली. "म... म..."

त्याच्या आत शब्द तयार होऊन रांगेत उभे राहिले. मला नको. मला इथेच बरं आहे. मी यांना सोडून कशी येऊ. सगळे स्वच्छ, पुरे, एकही स्वल्पविराम न चुकलेले. त्याची जीभ दाताला लागली. बायकोच्या कपाळावर ती शीर उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, भोंगा तुटक तुटक वाजत होता. "म... ते..." ती म्हणाली आणि अडकली. डोळे मिटले. आणि ताईने, एवढ्या खमक्या ताईने, जे सगळेच करत ते केलं. तिने बहिणीवरची नजर काढली आणि त्याच्याकडे वळवली.

"काय म्हणतेय ती, भावोजी?"

ही दीड वर्षाची सवय होती, त्याने लावलेली. पाहुण्यांना, डॉक्टरांना, भाजीवाल्याला. ती बोले आणि लोक त्याच्याकडे बघत. आता एक वाक्य पुरलं असतं. ताई चहा पिऊन, कुरकुरत, उद्याच्या गाडीने परत गेली असती, आणि ती इथेच राहिली असती, या खुर्चीत, हाताच्या अंतरावर पाणी, मान हलवत, उरलेला सगळा जन्म. त्याला ती इथे हवी होती. एवढं एकच त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते तिला कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

बायकोने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं त्याला नवं होतं. खिडकीतून रस्ता बघावा तसं नाही, ओळखीचं कुणी फार वर्षांनी समोर यावं आणि आधी विश्वासच बसू नये, तसं. ताईने काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी गेली. चहावर साय धरली. तो मांडीवर हात ठेवून बसला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की थांबण्याला वजन असतं, ते खांद्यावर नाही, जिभेवर येतं.

"मला," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "जा... जायचंय." ताई हलली, त्याने हात वर करून तिला थांबवलं, कारण वाक्य संपलेलं नव्हतं. संपलेलं नाही हे त्याला कसं कळलं? कळलं नव्हतं. तो फक्त धरून चालला नव्हता की संपलं. "ति... तिथे," ती म्हणाली, आणि मान हलवून तो शब्द पुसला, परत घेतला. "तिथे. कु... कुणाला. नाही कळत. माझं." ती दमली. ओठ पुसले, स्वतः, उलट्या हाताने. मग त्याच्याकडेच बघत, सावकाश, प्रत्येक शब्द दुरून चालत आणावा तसा आणत, तिने ते पुरं केलं.

"मग... मी... बोलेन."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी विनाकारण वाजली. तो खाली बघत राहिला. त्याला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर आत काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. नुसतं रिकामं झालं, आणि ते रिकामं आहे तसं दिसत राहिलं. एवढ्या दिवसांतलं तिचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि शिकवणाऱ्या बाई असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. चांगलं बोललीस, असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणाला, "कधी?"

"उद्या," तिने हे लगेच म्हटलं. हा शब्द कधीपासून तयार ठेवला होता कुणास ठाऊक.

मग बॅग भरायची होती. ताई म्हणाली मी भरते, तेव्हा बायकोने नाही अशी मान हलवली आणि त्याच्याकडे बोट केलं. माळ्यावरून त्याने मोठी बॅग काढली, धूळ पुसली, पलंगावर उघडली. ती कपाटासमोर स्टूल घेऊन बसली. काय काय न्यायचं ते तिने सांगायचं, त्याने काढून द्यायचं. कपाटात नेहमीचं सगळं त्याला डोळे मिटून सापडलं असतं: रोजचे कपडे, शाल, औषधांचा डबा, केसांचं तेल. एका फेरीत सगळं भरून झालं असतं. पण ती त्यातलं काहीच मागत नव्हती. तिने एक पिवळा ब्लाउज मागितला, जो त्याने कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. 'पिवळा' येईपर्यंत सूर्य उतरून गच्चीच्या कठड्याशी आला. एक जुनी शिट्टी मागितली. कसली शिट्टी, ते सांगायला लागली, मध्येच हसली, सोडून दिलं. एकदा भलताच शब्द आला, तिला कळलं, तिने तो हाताने झटकला, दुसरा शोधला. ताई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मधल्या मोकळ्या जागांत दोघं नुसतीच बसून राहत, ती स्टुलावर, तो पलंगाच्या काठावर, उघड्या बॅगेशेजारी. नवीन लग्न झालेल्या, एकमेकांना काय आवडतं ते अजून ठाऊक नसलेल्या माणसांसारखी.

"आणि?" त्याने विचारलं.

ती विचार करू लागली. तिची नजर वरच्या कप्प्यावर गेली, तिथून खालच्या खणाकडे, तिथून त्याच्यावर आली आणि तिथेच राहिली. ओठ जुळले, सुटले. पहिलं अक्षर आलं, आणि ते कशाचंही असू शकत होतं. तो कपाटासमोर, हात खाली सोडून, उभा राहिला.